कोर्टासाठी बँकेचा प्रमाणित खातेउतारा: नकार पक्का, होकार कच्चा

बँकेच्या सेवांबद्दल लिहिलं जातं ते ॲप, व्याजदर आणि काउंटरवरच्या रांगेबद्दल. एक सेवा मात्र कुणी तपासून पाहत नाही, कारण तिची गरज पडते तेव्हा माणूस आधीच कोर्टाच्या पायरीवर उभा असतो आणि त्याला परीक्षण लिहिण्याची हौस उरलेली नसते. ग्राहकाच्या खात्याची माहिती कुणाला द्यायची, कुणाला नाही म्हणायचं आणि कोर्टाने मागितलीच तर ती कोणत्या स्वरूपात द्यायची, ही ती सेवा. बँक सरकारी असो की खासगी, तिच्या वह्यांना लागू होणारा कायदा एकच: बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्ट, १८९१. पोस्टाच्या बचत खात्यालाही तोच लागतो. म्हणून इथे कुणा एका बँकेचं नव्हे, तर या सेवेचं परीक्षण केलं आहे.

गुपित राखण्यात ५ पैकी ४ गुण. कोर्टात टिकेल असा कागद देण्यात ५ पैकी २, आणि तेही सढळ हाताने.

आधी नकाराकडे पाहू, कारण लोकांची सगळ्यात जास्त चिडचिड तिथे होते आणि तिथे बँक बहुतेक वेळा बरोबर असते. पोटगीच्या दाव्यात बायकोला नवऱ्याच्या खात्याचा उतारा हवा असतो, वाटणीच्या दाव्यात भावाला वडिलांच्या खात्यातून किती पैसे कुठे गेले ते पाहायचं असतं, वसुलीच्या दाव्यात वकील थेट शाखेला नोटीस धाडून आठ दिवसांत माहिती मागतात. तिघांनाही एकच उत्तर मिळतं: खातेदाराची लेखी संमती आणा, नाही तर कोर्टाचा आदेश आणा. वकिलाची नोटीस कितीही कडक भाषेत असली तरी ती सक्ती नव्हे. माहिती अधिकाराचा अर्जही इथे चालत नाही. दुसऱ्याच्या खात्याची माहिती ही त्याची खासगी माहिती आहे आणि बँकेकडे ती विश्वासाने ठेवलेली आहे, या दोन्ही कारणांनी अर्ज फेटाळला जातो. नॉमिनीचाही असाच गैरसमज असतो. खातेदार जिवंत असताना नॉमिनीला खात्यात डोकावायचा कुठलाही हक्क नाही. संयुक्त खात्यातल्या खातेदाराला मात्र उतारा मिळतो, भले त्या खात्यात त्याने स्वतः एक रुपयाही भरलेला नसो. तिथे शाखेने दुसऱ्या खातेदाराची परवानगी मागितली तर ती अडवणूक समजावी.

हा नकार कुठून आला ते माहीत असलं की काउंटरवरचा वाद कमी होतो. १९२४ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयात टूर्निए नावाच्या ग्राहकाचा खटला गाजला. त्याचा ओव्हरड्राफ्ट जेमतेम ९ पौंडांचा होता आणि तो दर आठवड्याला एक पौंड भरून फेडायचं ठरलं होतं. हप्ते थकले. मॅनेजरने त्याचा पत्ता काढण्यासाठी त्याच्या मालकाला फोन केला आणि बोलता बोलता थकबाकीचं सांगितलं, शिवाय गडी घोड्यांच्या शर्यतींवर पैजा लावणाऱ्यांकडे पैसे पाठवतो असंही सुचवलं. नोकरीचा करार पुढे वाढला नाही. त्या निकालात गुपित फोडायला चारच वाटा मान्य झाल्या: कायद्याची सक्ती, जनतेप्रती कर्तव्य, बँकेचं स्वतःचं हित आणि ग्राहकाची उघड किंवा गृहीत संमती. खातं बंद झालं म्हणून बंधन संपत नाही, हेही न्यायमूर्ती ॲटकिन यांनी तिथेच सांगितलं. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांमध्ये हे चारही अपवाद जवळजवळ याच शब्दांत आहेत. राष्ट्रीयीकृत बँकांवर तर १९७०च्या राष्ट्रीयीकरण कायद्याच्या कलम १३ने गुप्ततेचं बंधन थेट घातलेलं आहे. २००४ साली कॅनरा बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेलं. कागद बँकेच्या कपाटात ठेवला म्हणून माणसाचा खासगीपणा संपत नाही, असं म्हणत आंध्र प्रदेशने मुद्रांक कायद्यात घातलेली झडतीची तरतूद न्यायालयाने रद्द केली.

पाचवा गुण का कापला, तर वसुलीच्या फोनमुळे. १९२४ची चूक आजही जशीच्या तशी होते: हप्ता थकला की ऑफिसात, शेजाऱ्याला, कधी फोनबुकातल्या कुणालाही फोन जातो. काउंटरवर कडेकोट बंदोबस्त आणि वसुलीच्या खोलीत उघडी खिडकी, असा प्रकार आहे.

आता होकाराकडे. यात दोन गोष्टी येतात: स्वतःच्या खात्याचा कागद आणि दुसऱ्याच्या खात्याचा.

स्वतःच्या खात्याचा उतारा ॲपवरून दोन मिनिटांत मिळतो. खाली ओळ असते, ‘संगणकनिर्मित आहे, सहीची गरज नाही’. कर्जाच्या अर्जाला, व्हिसाला, भाडेकराराला हे चालतं. कोर्टात समोरच्या वकिलाने हरकत घेतली की ते कागद नुसतेच फाइलला लागतात, निशाणी (पुरावा म्हणून कोर्टाने दिलेला क्रमांक) पडत नाही. शाखेत जाऊन त्याच कागदावर गोल शिक्का आणि सही आणली तरी फरक पडत नाही. कायद्याला शिक्का नको आहे, प्रमाणपत्र हवं आहे. ते नेमकं कसलं हवं, याची शाखेतल्या बहुतेकांना कल्पना नसते आणि मागणाऱ्यालाही नसते.

१८९१च्या कायद्याचं कलम २ए संगणकाच्या छापील उताऱ्यासाठी तीन गोष्टी मागतं. पहिली, हा त्या नोंदीचाच प्रिंटआउट आहे असं मुख्य लेखापालाचं किंवा शाखा व्यवस्थापकाचं प्रमाणपत्र. दुसरी, संगणक यंत्रणेच्या प्रभारी व्यक्तीचं प्रमाणपत्र. त्यात यंत्रणेचं थोडक्यात वर्णन आणि अधिकृत माणसालाच नोंद करता यावी यासाठी काय व्यवस्था आहे, अनधिकृत फेरफार कसा रोखला आणि पकडला जातो, यंत्रणा बंद पडली तर गेलेला डेटा परत कसा मिळवतात, तो दुसऱ्या माध्यमावर नेताना कसा पडताळतात, साठवण कुठे आणि कुणाच्या ताब्यात असते, असे तपशील हवेत. तिसरी, त्याच प्रभारी व्यक्तीचं आणखी एक प्रमाणपत्र: त्या काळात यंत्रणा नीट चालत होती, सगळा संबंधित डेटा मला पुरवलेला होता आणि हा कागद त्याचंच बरोबर रूप आहे.

प्रत्यक्षात हातात काय पडतं? बहुतेक वेळा अर्ध्या पानाचा एक मजकूर, जो जुन्या खातेवहीच्या जमान्यातला असतो: ‘ही नोंद बँकेच्या नेहमीच्या वहीत आहे, नेहमीच्या व्यवहारात झालेली आहे आणि वही अजून बँकेच्या ताब्यात आहे.’ हा मजकूर चुकीचा नाही. हाताने लिहिलेल्या वहीच्या नकलेसाठी तो कलम २(८)मध्ये सांगितलेलाच आहे. पण कोअर बँकिंगच्या (सगळ्या शाखांची खाती एकाच मध्यवर्ती संगणक यंत्रणेत ठेवण्याच्या पद्धतीच्या) प्रिंटआउटखाली तो टाकणं म्हणजे मोटारीच्या कागदपत्रांना बैलगाडीचा परवाना जोडण्यासारखं आहे. उलटतपासात पहिला प्रश्न येतो, ‘कोणती वही?’ आणि साक्षीदाराकडे उत्तर नसतं.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. शाखा व्यवस्थापक तिन्ही प्रमाणपत्रांवर स्वतःच सही ठोकतो. पण संगणक त्याच्या ताब्यात असतो का? त्याच्यासमोर असतं ते नुसतं टर्मिनल. सर्व्हर आणि बॅकअप दुसऱ्याच शहरातल्या डेटा सेंटरमध्ये. यंत्रणेचा प्रभारी तिथे बसतो. म्हणून अर्ज करतानाच लिहावं: ‘दुसरं आणि तिसरं प्रमाणपत्र माहिती-तंत्रज्ञान विभागाच्या प्रभारी अधिकाऱ्याच्या सहीने द्यावं, किंवा शाखेतल्या ज्या अधिकाऱ्याकडे या यंत्रणेचा प्रभार बँकेने सोपवला आहे त्याचं नाव, हुद्दा आणि प्रभार प्रमाणपत्रात नमूद करावा.’ या एका वाक्यामुळे कागद यायला थोडा उशीर होतो, पण आलेला कागद कामाचा असतो.

यात १ जुलै २०२४पासून आणखी एका कागदाची भर पडली. जुन्या पुरावा कायद्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू झालं आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्राचा नमुना कायद्याच्या परिशिष्टातच आला. त्याचे दोन भाग आहेत. भाग अ यंत्र किंवा रेकॉर्ड ज्याच्या ताब्यात त्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. दोन्हीत फाइलची हॅश किंमत (फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला ओळख-क्रमांक, जो मजकूर बदलला की बदलतो) आणि ती कोणत्या पद्धतीने काढली ते लिहायचं असतं. बँकांचे छापील नमुने मात्र अजून जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५बीवर अडलेले दिसतात. बँकेच्या वह्यांसाठी २ए हा खास कायदा आहे, तेवढं पुरे, असा युक्तिवाद करता येतो. पण तारीख त्या युक्तिवादात घालवण्यापेक्षा दोन्ही जोडून मोकळं व्हावं. कलम ६३चं प्रमाणपत्र रेकॉर्ड दाखल करताना प्रत्येक वेळी सोबत लागतं, हेही ध्यानात ठेवावं. खालच्या कोर्टात लावलेलं वर चालेल असं धरू नये. बँकेने प्रमाणपत्र द्यायचं नाकारलं तर वाट बंद होत नाही. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या १४ जुलै २०२०च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्र बंधनकारक ठरवलं, पण त्याच वेळी, ज्याच्याकडून ते हवं तो देत नसेल तर कोर्टाकडे अर्ज करून मागवता येतं, हेही स्पष्ट केलं. नकार लेखी घ्यावा. तोंडी नकारावर अर्ज उभा राहत नाही.

दुसऱ्याच्या खात्यासाठी पायरी वेगळी. इथे वकील मंडळी सवयीने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर १६खाली मॅनेजरला साक्षीसमन्स काढतात. भत्ता भरला जातो, बेलिफ समन्स बजावतो, मॅनेजर तारखेला येत नाही, किंवा येतो आणि ‘रेकॉर्ड मोठं आहे, मुदत द्या’ म्हणतो. मग वॉरंटची भाषा सुरू होते. हे सगळं टाळता येतं. १८९१च्या कायद्याचं कलम ५ सांगतं की बँक दाव्यात पक्षकार नसेल तर बँकेच्या अधिकाऱ्याला वही आणायला किंवा साक्षीला यायला भाग पाडता येत नाही. खास कारण नोंदवून कोर्टाने तसा आदेश केला तरच. म्हणजे रोजच्या कामासाठी मॅनेजरला पिंजऱ्यात बोलावणं कायद्याला मुळातच नको आहे. त्याऐवजी कलम ६खाली अर्ज करावा. कोर्ट पक्षकाराला नोंदी पाहून नकला घ्यायची परवानगी देऊ शकतं, किंवा ठरावीक मुदतीत प्रमाणित नकला सादर करा असा आदेश बँकेला देऊ शकतं. माणूस येत नाही, कागद येतो. नुसते कागद हजर करण्याचं समन्स ऑर्डर १६ नियम ६खालीही निघतं आणि कागद पाठवले की त्याचं पालन होतं. पण कलम ६मध्ये एक जास्तीची गोष्ट मिळते, जी जवळजवळ कुणीच मागत नाही: ‘या वादाशी संबंधित दुसरी कुठलीही नोंद बँकेच्या वह्यांत नाही’ असं बँकेचं पुढचं प्रमाणपत्र. समोरचा पक्ष दुसरं खातं लपवतोय असा संशय असेल तर हा कागद सोन्याच्या मोलाचा.

कलम ६चा आदेश पाळायच्या दिवसाआधी तीन पूर्ण दिवस बँकेवर बजावला गेला पाहिजे, बँकेच्या सुट्ट्या वगळून. कोर्टाने वेगळं सांगितलं तर गोष्ट निराळी. समजा आदेश गुरुवारी बजावला आणि पुढचा शनिवार दुसरा किंवा चौथा आहे. मग शुक्रवार, सोमवार आणि मंगळवार असे तीन दिवस मोकळे जायला हवेत. बँकेवर बंधन बुधवारी येतं. सोमवारची तारीख घेऊन शुक्रवारी बजावलेला आदेश पाळला गेला नाही म्हणून बँकेच्या नावाने ओरडणं व्यर्थ आहे. या मुदतीत बँक हरकतही घेऊ शकते. कारण दाखवायची इच्छा आहे असं कळवलं की पुढचा आदेश होईपर्यंत सक्ती थांबते. गुपित राखण्याचं हे बँकेच्या हातातलं सगळ्यात धारदार हत्यार आहे आणि ते फारसं म्यानाबाहेर येत नाही.

अर्जाची मागणी कशी लिहावी यावर निम्मा निकाल ठरतो. ‘प्रतिवादीच्या सर्व खात्यांची संपूर्ण माहिती मागवावी’ असा अर्ज म्हणजे चाचपणी. समोरचा आपल्या म्हणण्यात तेच लिहितो आणि कोर्ट अर्ज फेटाळतं. मागणीत हे असावं: बँकेचं आजचं नाव आणि शाखा, अकरा अक्षरी आयएफएससी, खाते क्रमांक, कालावधी दिवस-महिना-वर्षासह आणि दाव्यातल्या कोणत्या मुद्द्यासाठी हवं ते एका ओळीत. खाते क्रमांक माहीत नसेल तर पॅन द्यावा. नावाने शोधलं की एकाच नावाची दहा माणसं निघतात आणि एका स्पेलिंगच्या फरकाने खरा माणूस सुटतो. पॅनवरून कस्टमर आयडी निघतो आणि त्याखालची त्या बँकेतली सगळी खाती दिसतात, मग शाखा कुठलीही असो.

‘स्टेटमेंट’ या एका शब्दात सगळं येतं असं समजू नये. खातं उघडण्याचा अर्ज, नमुना सही, केवायसीचे कागद, वारसनोंद, चेकची प्रतिमा, डिमांड ड्राफ्टची मागणीचिठ्ठी, रोख भरणा-पावती, लॉकर उघडल्याची नोंद, हे सगळे वेगळे कागद आहेत आणि वेगळे मागावे लागतात. ऑनलाइन व्यवहारात उताऱ्यावर समोरच्याचं नाव अर्धवट कापलेलं असतं. तिथे संदर्भ क्रमांकावर पकडावं: एनईएफटीचा यूटीआर १६ अक्षरी, आरटीजीएसचा २२ अक्षरी, यूपीआयचा संदर्भ १२ आकडी. क्रमांक दिला की पैसे ज्या खात्यात गेले त्याचा तपशील द्या असं नेमकं मागता येतं.

चेकवरच्या सहीचा वाद असेल तर एक चूक हमखास होते. ज्या बँकेवर चेक काढला त्याच बँकेला मूळ चेक आणायचं समन्स जातं आणि ‘आमच्याकडे फक्त प्रतिमा आहे’ असं उत्तर येतं. ते खरंच असतं. चेक ट्रंकेशन पद्धतीत मूळ कागद पुढे जातच नाही. ज्या बँकेत तो भरला तिथेच राहतो आणि तिने तो १० वर्षं जपायचा असतो. हस्ताक्षरतज्ज्ञाला पेनाचा दाब, शाईचा ओघ, थांबलेल्या जागा पाहायच्या असतात. करड्या रंगाच्या प्रतिमेतून ते दिसत नाही. म्हणून मूळ चेकसाठी तो जिथे भरला त्या बँकेला आणि नमुना सहीसाठी तो ज्या बँकेवर काढला तिला, असे दोन आदेश लागतात.

शाखेत घोळ सुरू होतो तो आदेश पोहोचल्यावर. कोर्टाने एप्रिल ते सप्टेंबरचा उतारा मागितलेला असतो. शाखा खातं उघडल्यापासूनचा छापून पाठवते, कारण यंत्रणेत तारखा बदलण्यापेक्षा ते सोपं. एकाचं खातं मागितलेलं असतं. त्याच कस्टमर आयडीखालचं बायकोबरोबरचं संयुक्त खातंही जातं. कव्हरिंग लेटरबरोबर केवायसीचा गठ्ठा जातो, त्यात आधारचे बाराच्या बारा आकडे उघडे. कधी कागद कोर्टात न जाता अर्जदाराच्या वकिलाच्याच हाती दिले जातात, ‘तुमचंच काम आहे, तुम्हीच लावा’ म्हणून. कायद्याच्या सक्तीचा अपवाद आदेशाच्या मजकुराएवढाच असतो. त्याच्यापलीकडे दिलेलं एकेक पान म्हणजे गुप्ततेचा भंगच, मग ते कोर्टाच्या नावाने दिलेलं का असेना. काउंटरवर बायकोला नवऱ्याचं शिल्लक न सांगणारी तीच शाखा इथे सहा महिन्यांच्या जागी दहा वर्षं देऊन टाकते. होकाराचे गुण दोनवर अडकले ते याचमुळे.

यावर उपाय दोघांच्याही हातात आहेत. ज्याच्या खात्याची माहिती मागितली आहे त्याने अर्जावर म्हणणं देताना नुसता विरोध करू नये. कालावधी कमी करा, अमुक नोंदीपुरताच आदेश द्या, कागद सीलबंद पाकिटात घ्या, पॅन-आधारचे आकडे झाका, असं मागावं. कोर्टं सरसकट विरोधाला फारशी बधत नाहीत, मर्यादा घालायला मात्र सहसा तयार असतात. बँकेने काय करावं? आदेशाची प्रत समोर ठेवून कागदांची यादी करावी, यादीबाहेरचं पान काढून टाकावं आणि पाकीट थेट कोर्टात आवक नोंदीने द्यावं. दिवाणी दाव्यात, मनाई नसेल तर, खातेदाराला ‘तुमच्या खात्याबद्दल असा आदेश आला आहे’ असं कळवावं. सभ्य बँकेकडून एवढी अपेक्षा रास्त आहे. संशयास्पद व्यवहाराच्या अहवालाचं प्रकरण असेल तर मात्र ग्राहकाला सुगावा लागू देणं कायद्यानेच मना आहे. तिथे बँक गप्प बसली तर दोष देऊ नये.

पोलिसांची वाट वेगळी आणि तिच्याबद्दल थोडक्यात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४खाली कागद मागवता येतात, पण त्याच कलमात बँकर्स बुक्स कायदा अबाधित ठेवला आहे. त्या कायद्याच्या कलम ८नुसार तपासात कोर्टाच्या आदेशाची जागा घेतो तो पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या, सरकारने त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याचा आदेश. ठाण्यातून आलेल्या ईमेलवर लगेच सगळं पाठवणाऱ्या शाखांनी हे कलम भिंतीवर लावायला हरकत नाही. खातं गोठवणं हा आणखी निराळा विषय. बँक खातं ही जप्त करता येणारी मालमत्ता आहे हे तापस नियोगी प्रकरणात १९९९ साली ठरलं; आता ते नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६खाली होतं आणि पोलिसांनी मॅजिस्ट्रेटला लगेच कळवायचं असतं. बँकेकडून निदान नोटिशीची प्रत, ठाण्याचं नाव, तक्रार क्रमांक आणि वादातली रक्कम एवढं लेखी घ्यावं.

रेकॉर्ड किती जुनं मिळतं? १९८५च्या नियमांनुसार बँकांनी काही नोंदवह्या किमान ५ वर्षं आणि काही किमान ८ वर्षं जपायच्या असतात. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली व्यवहाराची नोंद व्यवहारापासून ५ वर्षं आणि ओळखीचे कागद खातं बंद झाल्यापासून ५ वर्षं. कोअर बँकिंगमध्ये नोंदी याहून जुन्याही सापडतात, व्हाउचर मात्र सापडत नाही. लॉकरच्या खोलीचं सीसीटीव्ही चित्रण रिझर्व्ह बँकेच्या २०२१च्या सूचनांनुसार किमान १८० दिवस ठेवायचं असतं. दावा दाखल करून मग मागू म्हटलं तर तोवर ते पुसलं गेलेलं असतं. वाद दिसू लागला की त्याच आठवड्यात ‘हे चित्रण जपून ठेवा’ असं पत्र शाखेला देऊन पोच घ्यावी.

विलीन झालेल्या बँकांचं रेकॉर्ड ही डोकेदुखी आहे. देना आणि विजया १ एप्रिल २०१९ला बँक ऑफ बडोदात गेल्या; १ एप्रिल २०२०ला सिंडिकेट कॅनरात, आंध्र आणि कॉर्पोरेशन युनियनमध्ये, ओरिएंटल आणि युनायटेड पंजाब नॅशनलमध्ये, अलाहाबाद इंडियनमध्ये. आयएफएससी बदलले, कुठे शाखाही एकत्र झाल्या. आदेश आजच्या बँकेच्या नावे, पण जुनं नाव, जुनी शाखा आणि जुना खाते क्रमांक तिन्ही मजकुरात हवेत. नाही तर ‘असं खातं आमच्याकडे नाही’ हे उत्तर प्रामाणिकपणे येतं आणि चार महिने वाया जातात.

एवढं करून हाती आलेला कागद काय सिद्ध करतो? १८९१च्या कायद्याच्या कलम ४नुसार नोंद अस्तित्वात आहे याचा तो प्रथमदर्शनी पुरावा. पण हिशेबाच्या वहीतल्या नोंदी एकट्याने कुणावर देणं लादू शकत नाहीत, हे जुन्या पुरावा कायद्याचं कलम ३४ आणि आताच्या साक्ष्य अधिनियमाचं कलम २८ दोन्ही सांगतात. चंद्रधर गोस्वामी विरुद्ध गौहाटी बँक या १९६७च्या निकालात खुद्द बँकच यात अडकली होती: ग्राहकाने रक्कम घेतल्याचं नाकारलं आणि नुसत्या प्रमाणित नकलेवर बँकेला ती वसूल करता आली नाही. पाच लाख एका खात्यातून दुसऱ्यात गेले हे उताऱ्यावरून दिसतं. ते उसने होते, बक्षीस होतं की जुन्या देण्याची फेड, हे उतारा सांगत नाही. त्याला करारपत्र, मेसेज, साक्ष लागते. चेक न वटल्याच्या खटल्यात मात्र काम हलकं आहे. परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १४६मुळे बँकेच्या अधिकृत खुणेची चिठ्ठी हाच चेक परत गेल्याचा गृहीत पुरावा ठरतो. तिथे मॅनेजरला बोलावण्याचा अट्टहास नको.

शाखा स्वतःच्या खात्याचंही प्रमाणपत्र देत नसेल तर लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येतं. पण तोच मुद्दा कोर्टात प्रलंबित असेल तर लोकपाल हात लावत नाही, म्हणून आधी कुठे जायचं ते ठरवून घ्यावं.

कागद हाती आला की काउंटर सोडण्याआधी पाच मिनिटं उभं राहून तो वाचावा. प्रत्येक पानावर क्रमांक आहे का आणि प्रमाणपत्रात लिहिलेली पानसंख्या जुळते का. सहीखाली नाव आणि हुद्दा अक्षरात आहे का. नुसती वेलांटी आणि ‘कृते व्यवस्थापक’ असेल तर परत करावा. प्रमाणपत्रावर तारीख आहे का आणि ती उतारा छापल्याच्या तारखेच्या आधीची तर नाही ना. नमुना आधीच सह्या करून ठेवलेला असला की ही चूक हटकून सापडते. कालावधीची सुरुवात आणि शेवट आदेशातल्या तारखांशी ताडून पाहावेत, पहिल्या पानावरची आरंभीची शिल्लक आणि शेवटच्या पानावरची अखेरची शिल्लक गोल करून ठेवावी. मधलं एखादं पान प्रिंटरने गिळलेलं असेल तर आदल्या पानावरची शेवटची शिल्लक आणि पुढच्या पानावरचा पहिला आकडा जुळत नाही. ते तिथेच दाखवून, तिथेच पुन्हा छापून घ्यावं.